घरपोंच माल आणि मालमोटारीचा धंदा

गेल्या दसऱ्यापासून आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं पांच-सहा पत्रें एकाच विषयाचीं आहेत. लिहिणारे सारे आपल्या संस्थेचे सभासद असून त्यांच्या घरीं शिकलेलीं, अंगानें धडधाकट, पण शेतींत मन न रमणारीं मुलें आहेत. पत्रांचा मथितार्थ असा कीं, मोबाइलवरून घरबसल्या खरेदी करण्याची चाल शहरांत रुळली व आतां ती खेड्यांतहि शिरली आहे. लुगडीं, भांडीं, वह्या-पुस्तकें, पंपाचे सुटे भाग, फार काय, बियाणें आणि फवारणीचीं औषधेंसुद्धां लोक ऑनलाइन मागवितात. (२०२२ सालीं नियमांत दुरुस्ती झाल्यापासून परवानाधारकांस कीटकनाशकें या मार्गानें विकण्याची मुभाहि मिळाली आहे.) हा सर्व माल कोणी तरी वाहून नेलाच पाहिजे. मग जमिनीवर बोजा चढवून मुलाला एक पिकअप गाडी घेऊन दिली, तर या वाढत्या धंद्यांत त्याचा निभाव लागेल कीं नाहीं? एका सभासदांनीं तर प्रश्नाच्या जोडीस कर्जाच्या अर्जावर आमची शिफारसहि मागितली आहे.

शिफारस करण्याचा अधिकार या मासिकाच्या लेखकांस नाहीं. तो संस्थेच्या पंचमंडळाचा आहे. परंतु ज्या प्रश्नापायीं सात-बाराचा उतारा गहाण पडावयाचा, त्या प्रश्नाची उघड चर्चा होणें इष्ट होय, असें समजून आम्ही हा लेख लिहीत आहों.

आमचें मत आम्ही आरंभींच सांगून टाकतों. ऑनलाइन खरेदीनें पुडक्यांची संख्या वाढत आहे व पुढेंहि वाढेल, यांत शंका नाहीं. पण पुडकीं वाढलीं म्हणजे मालवाहतुकीचा धंदा वाढला, आणि धंदा वाढला म्हणजे गाडीवाल्याची मिळकत वाढली, हीं जीं दोन अनुमानें लोक एका दमांत काढतात, तीं दोन्ही कच्चीं आहेत.

पहिलें अनुमान घेऊं. माणूस मोबाइलवरून साखर मागवूं लागला म्हणून पूर्वींपेक्षां अधिक साखर खात नाहीं. जी साखर घाऊक व्यापाऱ्याच्या वखारींतून किराणा दुकानांत पोत्यानें जात असे, तीच आतां कंपनीच्या वखारींतून गिऱ्हाइकाच्या घरीं पिशवीनें जाते. एकूण ओझें फारसें वाढलें नाहीं. तें फुटलें मात्र आहे. रत्नागिरीहून वाशीच्या बाजारास जाणाऱ्या एका मालमोटारींत १० टन आंबा आहे असें धरूं. ती गाडी एका गाळ्यासमोर उभी राहते, हमाल पेट्या उतरवितात, काम संपतें. तोच १० टन आंबा तीन-तीन किलोंच्या पेट्यांतून घरोघर पोंचवावयाचा तर पेट्या होतात ३,३३३. वजन तेंच, लांबचा पल्लाहि तोच. पण एका गाळ्याच्या जागीं ३,३३३ उंबरठे आले. तेव्हां या नव्या व्यापारानें जर काय वाढलें असेल तर तें उंबरठ्यांचें काम वाढलें. पुडकीं निवडणें, पत्ते लावणें, जिने चढणें, दार वाजविणें, पैसे घेणें, आणि घरांत कोणी नसल्यास दुसऱ्या दिवशीं पुनः जाणें, हें तें काम. त्याची मजुरी ज्याला मिळते तो दुचाकीवरचा पोऱ्या, मालमोटारवाला नव्हे.

लांब पल्ल्याच्या गाड्यांस या व्यापारानें कांहींच लाभ झाला नाहीं असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. जो माल तालुक्याच्या दुकानांत पूर्वीं मिळतच नसे तो आतां सुरतेहून वा दिल्लीहून थेट येतो, आणि तेवढें वाहतुकीचें काम नवें आहे. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला, त्याच दिवसापासून मुंबईची जकात बंद झाली, आणि नाक्यावर तासन्‌तास खोळंबणाऱ्या गाड्या मोकळ्या झाल्या. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ पासून सबंध खुला झाला. हे सर्व लाभ खरेच. परंतु यांचा फायदा अधिकांत अधिक कोणी घेतला? प्रत्येक राज्यांत निराळी वखार ठेवण्याची गरज उरली नाहीं, म्हणून भिवंडीसारख्या ठिकाणीं प्रचंड वखारी उभ्या राहिल्या. प्रचंड वखारींस मोठ्या गाड्या लागतात. आणि मोठ्या गाड्यांचे ताफे बाळगणारे धनी निराळेच असतात. आपल्या देशांतील बहुतेक मालमोटारवाले एक ते पांच गाड्यांचे मालक आहेत. त्यांच्या वांट्यास बहुधा पोटकंत्राटच येतें.

दूरच्या माणसास माल विकून तो घरीं पोंचविण्याची कल्पना नवी आहे असें कोणी समजूं नये. आपल्या टपालखात्यानें व्ही. पी. ची सोय १८७७ सालीं केली व मनीऑर्डरीची १८८० सालीं. पुडकें दारीं आणून मग पैसे घेण्याची जी रीत फ्लिपकार्ट कंपनीनें २०१० सालीं सुरू केली व जिचा एवढा गाजावाजा झाला, ती व्ही. पी. चीच धाकटी बहीण होय.

या बाबतींत अमेरिकेंतील शेतकऱ्यांचा अनुभव फार बोधक आहे. तेथें १८७२ सालीं शिकागो शहरांत मॉंटगोमेरी वॉर्ड या गृहस्थांनीं यादी छापून तीवरून माल विकण्याचा धंदा काढला, आणि त्यांचें पहिलें गिऱ्हाईक म्हणजे ग्रेंज नांवाच्या शेतकरी-संस्थेचे सभासद होते. १८९६ पासून तेथील टपालखातें खेड्यांत घरोघर पत्रें वांटूं लागलें. परंतु चार पौंडांवरील पुडकें टपालानें जात नसे. तें खाजगी एक्स्प्रेस कंपन्यांच्या हातीं द्यावें लागे, आणि त्या मनास येईल तें हंशील घेत. शेतकऱ्यांनीं वर्षानुवर्षें ओरड केल्यावर १ जानेवारी १९१३ रोजीं सरकारी पार्सल टपाल सुरू झालें. पुडक्यांचा अक्षरशः पूर लोटला. मग त्या एक्स्प्रेस कंपन्या गबर झाल्या काय? उलट त्यांचा धंदा खालावला, आणि महायुद्धाच्या धामधुमींत १९१८ सालीं त्या सर्वांस एकत्र करून सरकारनें त्यांची एकच कंपनी बनविली. माल वाढला, पण जुन्या वाहतूकदारांच्या हातून गेला. हीच गोष्ट आमच्या वाचकांनीं लक्षांत घ्यावी अशी आमची इच्छा आहे.

त्या पार्सल टपालाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. यूटा प्रांतांतील व्हर्नल या आडगांवीं १९१६ सालीं एका बँकेची इमारत बांधावयाची होती. साल्ट लेक शहराहून विटा आणण्यास मालगाडीचें भाडें परवडेना. तेव्हां पन्नास पौंडांच्या आंतलीं पुडकीं बांधून सुमारें ८०,००० विटा चक्क टपालानें मागविल्या ! टपालखात्याचे डोळे उघडले आणि एका माणसानें एका दिवशीं २०० पौंडांहून अधिक माल दुसऱ्या एकास धाडूं नये असा नियम झाला. भाड्याचा दर जेथें खऱ्या खर्चास सोडून असतो तेथें विटासुद्धां टपालानें जातात. तो दर कायम टिकेल असें धरून जो भांडवल गुंतवितो त्याची फसगत होते.

त्याच देशांत १९१४ सालीं टपालखात्यानें आणखी एक प्रयोग केला. कोणत्या शेतकऱ्याजवळ लोणी, अंडीं, भाजी विकावयास आहे याच्या याद्या करून पोस्टमास्तर त्या शहरांतील कुटुंबांस वांटीत, व शेतकरी टपालानें माल धाडीत. मधला दलाल गळावा हा हेतु. कल्पना आपल्या आजच्या ‘शेतकरी ते ग्राहक’ या घोषणेहून तिळभरहि वेगळी नव्हती. पुढें कांहीं वर्षांत ती मावळली. आमच्या मतें त्याचें कारण उघड आहे. अंडीं घालणें हें कोंबडीचें काम. पण तीं न फुटतां पोंचविणें, गिऱ्हाइकाचें पत्र आल्याबरोबर उत्तर देणें, आठवड्याच्या आठवड्यास एकाच प्रतीचा माल देणें, हें शेतापलीकडचें काम आहे. दलालास शिव्या देणें सोपें. त्याचें काम अंगावर घेणें अवघड.

आतां आपल्याकडील स्थिति पाहूं. फ्लिपकार्टची दुकानदारी २००७ सालीं बंगळूर येथें निघाली, अमेझॉन २०१३ सालीं आपल्या देशांत आली. आरंभीं यांस माल पोंचविण्यासाठीं दुसऱ्यांवर अवलंबून राहावें लागे, आणि त्यामुळें केवळ असलीं पुडकीं वाहण्यासाठीं नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. परंतु दुकानदार थोडा सबळ झाला कीं स्वतःची वाहतूक-शाखा काढतो. ज्याच्या हातीं माल आहे त्याच्या हातीं शेवटीं गाडीहि जाते. इकॉम एक्स्प्रेस ही कंपनी २०१२ सालीं निघाली होती. तिच्या कामाचा मोठा हिस्सा मीशो या एका ऑनलाइन दुकानाकडून येत असे. त्या दुकानानें २०२४ सालीं आपली निराळी वाहतूक-व्यवस्था उभी केली, आणि २०२५ सालीं ही वाहतूक कंपनी सुमारें १,४०० कोटी रुपयांस दिल्लीव्हरी या प्रतिस्पर्धी कंपनीस विकली गेली. देशभर पुडकीं पोंचविणाऱ्या व हजारों माणसें पदरीं असलेल्या कंपनीची ही कथा. एका गाडीवाल्याची एका कंपनीवर सारी भिस्त असेल तर त्याचें काय होईल, हें वाचकांनींच ताडावें.

आमच्या माहितींतील एका सभासदाच्या मुलानें तीन वर्षांपूर्वीं पिकअप घेतली. कंपनी व तो यांच्यामध्यें एक कंत्राटदार होता, हें त्याला गाडी लावल्यावर समजलें. दिवाळीच्या तोंडावर महिनाभर रोज काम होतें, रोजचें भाडें ठरलेलें होतें, आणि मुलगा घरीं आला म्हणजे बापाच्या शेतीकडे जरा करुणेनें पाहत असे. कार्तिक सरला आणि काम महिन्यांतून बारा-पंधरा दिवसांवर आलें. गाडीचा हप्ता मात्र महिन्याच्या तीसहि दिवसांचा असतो. पुढें रोजचें भाडें बंद होऊन पुडक्यामागें दर ठरला. पोंचलेल्या पुडक्याचा दर मिळे, परत आलेल्याचा मिळत नसे. डिझेल, टायर, विमा, दंड हीं सारीं गाडीवाल्याच्या गळ्यांत. दीड वर्षानें त्यानें तें काम सोडलें. आज तोच मुलगा रात्रीं गांवांतील टोमॅटोचे क्रेट बाजारांत नेतो व सकाळीं रिकामे क्रेट, खतांचीं पोतीं व पशुखाद्य घेऊन परत येतो, आणि त्याचा हप्ता थकलेला नाहीं. कंपनीनें त्याला फसविलें असें आम्ही म्हणत नाहीं. करारांत होतें तेंच झालें. करार मात्र कोणी नीट वाचला नव्हता.

खेड्यांतील गाडीवाल्यास आणखी एक अडचण आहे. शहराच्या एखाद्या पेठेंत ८० पुडकीं २५ किलोमीटरांत वांटून होतात असें समजूं. तींच ८० पुडकीं आपल्या भागांतील वाड्यावस्त्यांवर वांटावयाचीं तर १२० किलोमीटर धांवावें लागेल. शहरांत पुडक्यामागें तिसरा हिस्सा किलोमीटर, तर आपल्याकडे दीड किलोमीटर. दर मात्र दोन्हीकडे पांचपट निराळा असत नाहीं. मावळ, खेड, आंबेगांव, जुन्नर या भागांतील शेतकरी कुटुंबांतील माणसें १८९० च्या सुमारापासून मुंबईंत जेवणाचे डबे पोंचवीत आलीं आहेत. त्यांच्या बिनचूकपणाचें कौतुक सर्व जगानें केलें; परंतु त्यांच्या हिशेबाकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. रोजचींच घरें, रोजच्याच कचेऱ्या, दाट वस्ती, लोकल गाडीचा स्वस्त पास, आणि मिळकत आपसांत वांटून घेण्याची रीत, या सर्वांमुळें तो धंदा उभा राहिला. हे डबे जर विरळ वस्तींत, रोज नव्या पत्त्यांवर न्यावयाचे असते तर कितीहि चोख माणसें असतीं तरी धंदा महिनाभर चालला नसता.

पत्त्यावरून आठवलें. आज सर्व खाजगी कंपन्या ज्या सहा आंकड्यांच्या आधारें पुडकीं निवडतात तो पिन कोड टपालखात्यानें १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू केला, आणि त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्या खात्यांतील वरिष्ठ अधिकारी असून संस्कृत कवि होते. पहिल्या तीन आंकड्यांवरून माल कोणत्या निवड-जिल्ह्यांत जावयाचा तें कळतें व शेवटच्या तिहींवरून टपाल-कचेरी कळते. आपल्या सभासदांपैकीं कित्येक अजूनहि ‘मारुतीच्या देवळामागें’ एवढाच पत्ता देतात, आणि पुडकें परत गेलें म्हणजे कंपनीस दोष देतात !

हा झाला इतरांचा माल आपल्या दारीं आणण्याचा विचार. आमच्या दृष्टीनें त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे तो आपला माल इतरांच्या दारीं नेण्याचा. पुडक्यांची गाडी गांवीं भरून येते आणि जातांना बहुधा रिकामी जाते. रिकाम्या गाडीचेंहि डिझेल जळतच असतें. ही परतीची जागा जर शेतकऱ्याच्या मालास स्वस्त दरानें मिळाली तर गाडीवाला व शेतकरी दोघेहि तरतील, आणि मालवाहतुकीच्या धंद्यास खरी बरकत या मार्गानेंच येईल, असें आम्हांस वाटतें. अडचणी आहेत. गाडीची वेळ आणि माल तोडण्याची वेळ जुळत नाहीं. कपड्यांच्या पुडक्यांशेजारीं कांद्यांचीं पोतीं कंपनीस चालत नाहींत. पण तालुक्याच्या ठिकाणीं माल गोळा करण्याची एक जागा असेल तर यांतील बऱ्याच अडचणी सुटण्याजोग्या आहेत.

मात्र कोणता माल पार्सलनें जाऊं शकतो याचा विचार आधीं केला पाहिजे, आणि येथें आपल्या लोकांची समजूत फार ढोबळ आहे. खाजगी वाहतूकदार नुसतें वजन पाहत नाहींत. पेटीनें अडविलेली जागाहि मोजतात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत घेऊन त्यांचा गुणाकार करावयाचा आणि त्यास ५,००० नें भागावयाचें. येईल तें आकारमानाचें वजन. खरें वजन व हें वजन यांपैकीं जें अधिक असेल त्यावर भाडें. उदाहरणार्थ, बचतगटाच्या बायांनीं २ किलो कुरडया ४० × ३० × ३० सेंटिमीटरांच्या खोक्यांत भरून पाठविल्या, तर भाडें ७.२ किलोंचें पडतें. दोन किलोंचा माल व सात किलोंचें भाडें, हा व्यवहार कोणास पुरेल? उलट ५ किलो गूळ २५ × २० × १० सेंटिमीटरांच्या खोक्यांत बसतो. त्याचें आकारमानाचें वजन अवघें १ किलो येतें, म्हणून भाडें खऱ्या ५ किलोंचेंच लागतें. तात्पर्य, जो माल आटोपशीर, टिकाऊ आणि वजनाच्या मानानें मोलाचा, तो पार्सलास योग्य. सांगलीची हळद, वेंगुर्ल्याचा काजू, कोल्हापूरचा गूळ, मुळशीचा आंबेमोहोर हा त्या जातीचा माल आहे. कांदा त्या जातीचा नाहीं. पांच किलो कांद्याच्या पुडक्याचें भाडें बहुतेक हंगामांत कांद्याच्या किंमतीहून अधिक भरेल. लासलगांवचा कांदा आगगाडीनें वा मालमोटारीनेंच गेला पाहिजे, आणि जो कोणी कांदेवाल्यास ऑनलाइन विक्रीचें गाजर दाखवितो त्याला आधीं भाड्याची पावती दाखवावयास सांगावें. द्राक्षांचेंहि तसेंच, घड दाबला गेला कीं गिऱ्हाइकाचें फोटोसह तक्रारीचें पत्र दुसऱ्या दिवशीं हजर.

आंबा या दोहोंच्या मध्यें बसतो. कोंकणच्या हापूसला २०१८ सालीं भौगोलिक उपदर्शन मिळालें, आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें, पालघर या जिल्ह्यांबाहेरचा आंबा त्या नांवानें विकतां येऊं नये अशी सोय झाली. २०२० च्या टाळेबंदींत बाजार बंद पडले तेव्हां अनेक बागाईतदारांनीं मुंबई-पुण्याच्या गृहसंस्थांस परभारें पेट्या धाडल्या व त्यांना दरहि बरा मिळाला. त्याच वर्षीं एस. टी. महामंडळानें कांहीं जुन्या बसगाड्यांतील आसनें काढून त्यांच्या मालगाड्या केल्या. या सर्व अनुभवांतून एक गोष्ट सिद्ध झाली. शंभर पेट्या एका गृहसंस्थेच्या फाटकाशीं गेल्या तर परवडतात; शंभर पेट्या शंभर गल्ल्यांत गेल्या तर पेटीचा नफा भाड्यांत जातो. बंगळूर येथील मुख्य टपाल-कचेरीनें कर्नाटकाच्या आंबा महामंडळाच्या साहाय्यानें २०१९ पासून घरोघर पेट्या पोंचविल्या, तें साधलें तेंहि याचमुळें : शहर एकच, आणि पोस्टमन त्या गल्लींत रोज जाणाराच. आपल्या देशांत सुमारें १,६५,००० टपाल-कचेऱ्या असून त्यांपैकीं दहांत नऊ खेड्यांत आहेत. जी यंत्रणा खेड्यांत आधींच जाऊन बसली आहे तिचा उपयोग शेतकरी-संस्थांनीं अजून पुरता करून घेतला नाहीं, हें नमूद करणें आम्हांस भाग आहे.

रेल्वेनेंहि एक वेळ चांगला मार्ग दाखविला होता. ७ ऑगस्ट २०२० रोजीं देवळालीहून दानापुरास पहिली किसान रेल निघाली, आणि त्याच वर्षीं २८ डिसेंबर रोजीं सांगोल्याहून शालिमारास शंभरावी. सबंध डबा भरण्याची अट नव्हती. दोन-चार क्विंटल माल असला तरी वाटेवरच्या स्थानकावर चढवितां येई, आणि फळें व भाजीपाला यांच्या भाड्यांतील निम्मा भार केंद्र सरकार सोशीत असे. थोडा माल, ठरलेली वेळ, ठरलेलें स्थानक, या तिन्ही गोष्टी शेतकऱ्यास हव्या आहेत. निम्म्या भाड्याची सवलत हा मात्र कायमचा हिशेब धरूं नये. व्हर्नलच्या विटांची आठवण येथें ठेवावी.

आतां मूळ प्रश्नाकडे. ज्यांनीं आम्हांस पत्रें लिहिलीं त्यांना आमचें सांगणें असें कीं, केवळ ऑनलाइन कंपनीच्या कामावर विसंबून, जमीन गहाण टाकून गाडी घेऊं नये. गाडी घ्यावयाचीच असेल तर आधीं गांवांतील वर्षाचा माल मोजावा : दूध किती, भाजी किती, खत-बियाणें किती, आणि बाराहि महिन्यांत गाडी किती दिवस हलेल. त्यावर हप्ता निघत असेल तर घ्यावी. कंपनीचें काम मिळालें तर तें लोणच्यासारखें, भाकरीच्या जागीं नव्हे. कंत्राटदाराशीं करार करतांना महिन्यांतून किमान किती दिवस काम देणार, परत आलेल्या पुडक्याचें भाडें देणार कीं नाहीं, दर बदलावयाचा तर किती दिवस आधीं सांगणार, आणि पैसे कोणत्या तारखेस हातीं पडणार, एवढें तरी कागदावर घ्यावें. जो कंत्राटदार हें लिहून देण्यास कांकूं करील त्याच्याकडे गाडी लावूं नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलांत आली असून अशा कंपन्यांनीं आपल्या उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम पुडकीं पोंचविणाऱ्यांच्या हितासाठीं द्यावी अशी तींत तरतूद आहे. तिचा लाभ गाडी लावणाऱ्या पोरास मिळणार कीं नाहीं, हेंहि कंत्राटदारास विचारण्यास हरकत नाहीं. उत्तर ऐकण्याजोगें असेल.

तिघां-चौघां सभासदांनीं मिळून एक गाडी घेणें हा दुसरा मार्ग आहे. भाऊबंदकीच्या भीतीनें आपले लोक त्यास तयार होत नाहींत, हें आम्ही जाणतों. पण ज्या गांवांत एक ट्रॅक्टर चार घरें सांभाळून वापरतात त्या गांवांत एक पिकअप कां वापरूं शकणार नाहींत, हें आम्हांस उमगलेलें नाहीं.

संस्थेकडूनहि कांहीं होणें अगत्याचें आहे. तालुक्याच्या ठिकाणीं आपलें जें खतांचें गुदाम आहे, तें खरिपाची उचल संपल्यावर जवळजवळ रिकामें असतें. तेथें आठवड्यांतून दोन ठरलेल्या दिवशीं सभासदांचीं पार्सलें गोळा करून, तीं शहरवार निवडून, टपालखातें, एस. टी. आणि परतीच्या गाड्या यांपैकीं जो दर कमी त्याच्या स्वाधीन करावीं, अशी सूचना आम्हीं पंचमंडळापुढें ठेवली आहे. एका सभासदाच्या चार पेट्यांस कोणी दर कमी करीत नाहीं. चारशें पेट्यांस करतात. मंडळानें विचारलें कीं पेट्या किती निघतील, आणि आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तरी ज्या सभासदांस येत्या हंगामांत आंबा, काजू, हळद, गूळ अथवा तांदूळ पार्सलनें धाडावयाचा असेल, त्यांनीं पेट्यांची अंदाजी संख्या, एका पेटीचें वजन, तिची लांबी-रुंदी-उंची आणि माल जावयाचा तें शहर, एवढा तपशील पौष अखेरच्या आंत संस्थेच्या कचेरींत लेखी कळवावा. शहराच्या नांवापुढें पिन कोड लिहावयास विसरूं नये.